वायर, वायफाय, फोन आणि व्हीपीएन एकाच वेळी: उबुंटूवर डीएनएस नेमका कोणाचा चालतो?

तिसरा_मजला यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. जोडण्या नेटवर्कमॅनेजर सांभाळतो आणि नावांचा शोध सिस्टमडी-रिझॉल्व्हड घेतो; डिस्ट्रोने दिलेल्या या मांडणीला मी अद्याप हात लावलेला नाही. ऑफिसात लॅपटॉप डॉकवर ठेवला की वायर जोडली जाते, शिवाय बैठकीच्या खोलीतला पडदा वापरता यावा म्हणून पाहुण्यांसाठीचे वायफायही चालू ठेवावे लागते. घरी ब्रॉडबँडचे वायफाय असते, वीज गेली की फोनचे यूएसबी टेदरिंग जोडतो, आणि या दोन्हींवर ऑफिसचे ओपनव्हीपीएन चालवतो.

अडचण अशी आहे की आमच्या गिट सर्व्हरच्या नावाला दोन पत्ते आहेत. नाव येथे ‘गिट.कॉर्प.एक्झाम्पल’ असे धरू. ऑफिसचा नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा, म्हणजे डीएनएसचा, सर्व्हर) त्या नावासाठी १०.२० ने सुरू होणारा आतला पत्ता देतो, तर बाहेरचे नेमसर्व्हर सार्वजनिक पत्ता देतात आणि त्या पत्त्यावर प्रवेशाचे एक पान सोडून काहीच मिळत नाही. ऑफिसात बसलेलो असताना कधी आतला सर्व्हर उघडतो, तर कधी ते बाहेरचे पान समोर येते, आणि त्यामागे कोणताही क्रम मला दिसत नाही. घरी मात्र व्हीपीएन जोडलेले असूनही दरवेळी बाहेरचेच पान येते. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ‘ही जोडणी फक्त तिच्या जाळ्यातील साधनांसाठी वापरा’ हा पर्याय मी निवडलेला आहे, कारण घरातले सगळे व्हिडिओ ऑफिसच्या सर्व्हरमार्गे जावेत असे मला वाटत नाही.

/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडून पाहिली तर त्यात १२७.०.०.५३ हा एकच पत्ता आहे, आणि तिथे लिहिलेला बदल जोडणी बदलली की नाहीसा होतो. चार जोडण्यांपैकी कोणत्या जोडणीचा नेमसर्व्हर वापरायचा हे कोण ठरवते, आणि माझी पसंती मी कुठे नोंदवावी?

निळा_दिवा

ती फाइल प्रत्यक्षात एक दुवा आहे. तो दुवा काढून टाका, त्याच नावाची साधी फाइल तयार करा, पहिल्या ओळीत ऑफिसचा नेमसर्व्हर आणि दुसऱ्या ओळीत ८.८.८.८ लिहा, आणि ‘सीएचअ‍ॅटर +आय’ देऊन फाइल गोठवून टाका. त्यानंतर कोणताही प्रोग्राम तिला हात लावू शकत नाही. माझ्या डेस्कटॉपवर हीच व्यवस्था आहे आणि ती बिनतक्रार चालते.

सह्यकडा

निळा_दिवा यांचा उपाय एकाच वायरवर कायम उभ्या असलेल्या डेस्कटॉपसाठी चालून जाईल, परंतु येथे विचारलेल्या प्रश्नासाठी तो मी सुचवणार नाही. त्यामागचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ‘पहिल्याकडे नाव नसेल तर दुसऱ्याला विचारले जाईल’ हा समज फार पसरलेला आहे.

रिझॉल्व्ह.कॉन्फमधील नेमसर्व्हरच्या ओळी म्हणजे पर्यायी सर्व्हरांची यादी असते. वेगवेगळ्या नावांसाठी वेगवेगळे जाणकार नेमण्याची सोय त्या फाइलमध्ये नाही. जीलिबसी (बहुतेक प्रोग्राम नावे शोधण्यासाठी वापरतात ती मूळ लायब्ररी) पहिल्या सर्व्हरला विचारते आणि त्याच्याकडून काहीच उत्तर आले नाही, तरच मूळ सेटिंगनुसार पाच सेकंद थांबून दुसऱ्याकडे वळते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेसुद्धा तिच्या लेखी पूर्ण उत्तर असते, त्यामुळे ते मिळाल्यावर दुसऱ्या ओळीकडे पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा ओळी तीनपेक्षा जास्त लिहिल्या तर चौथीपासून पुढच्या वाचल्याही जात नाहीत. आता व्हीपीएन नसताना घरी काय होईल ते पाहा: पहिला सर्व्हर ऑफिसचा, तो तिथून गाठता येत नाही, म्हणून प्रत्येक नव्या नावासाठी पाच सेकंदांची वाट. क्रम उलटा केला तर ८.८.८.८ गिटसाठी आनंदाने सार्वजनिक पत्ता देईल आणि ऑफिसच्या सर्व्हरला कधी कोणी विचारणारच नाही. म्हणजे ओळींचा क्रम कसाही लावला तरी दोनपैकी एका ठिकाणी तो चुकीचाच ठरतो. शिवाय हॉटेलातले किंवा स्थानकावरचे वायफाय लॉगिनचे पान दाखवण्यासाठी अनेकदा स्वतःच्या नेमसर्व्हरवर अवलंबून असते. फाइल गोठवलेली असेल तर ते पानच उघडत नाही आणि दोष मात्र वायफायला दिला जातो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १२७.०.०.५३ हा पत्ता रिझॉल्व्हडचा स्वतःचा आहे. सगळे प्रोग्राम त्याला विचारतात आणि पुढे कोणाला विचारायचे हे तो ठरवतो. त्यासाठी तो प्रत्येक जोडणीचे नेमसर्व्हर आणि डोमेन स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. एखादे नाव आले की त्या नावाचा शेवटचा भाग कोणत्या जोडणीच्या डोमेनशी जुळतो हे पाहिले जाते, आणि सर्वांत लांब जुळणी जिची असेल तिच्याच नेमसर्व्हरला प्रश्न जातो. कोणतेच विशिष्ट डोमेन जुळले नाही, तर ‘~.’ म्हणजे ‘उरलेले सगळे’ ही खूण ज्या जोडण्यांवर असते त्या सर्वांना एकाच वेळी विचारले जाते आणि जे यशस्वी उत्तर आधी येईल ते स्वीकारले जाते. नेटवर्कमॅनेजर ही खूण डीफॉल्ट रूट (वेगळी वाट न नेमलेल्या सगळ्या वाहतुकीचा रस्ता) असलेल्या जोडण्यांना आपणहून लावतो.

तुमच्या ऑफिसातील लहरीपणाचे मूळ मला येथे दिसते. वायर आणि वायफाय या दोघांनाही डीफॉल्ट रूट आहे आणि दोघांचे डीएनएस-प्राधान्य मूळचे १०० आहे, त्यामुळे दोघांनाही ती खूण मिळते. पाहुण्यांच्या वायफायने ‘नाव नाही’ असे सांगितले असते तर काहीच बिघडले नसते, कारण रिझॉल्व्हड अपयशी उत्तर बाजूला ठेवून वायरच्या उत्तराची वाट पाहतो. परंतु ते वायफाय खरेखुरे, यशस्वी, फक्त बाहेरचे उत्तर देते. मग दोघांपैकी जो आधी पोहोचेल त्याचे पान उघडते. येथे आणखी एक गैरसमज सांभाळावा लागतो. नेटवर्कमॅनेजर वायरला १०० आणि वायफायला ६०० असा रूटचा मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम, लहान आकडा आधी) देतो व त्यामुळे पॅकेट वायरनेच जातात, हे खरे आहे. पण तो मेट्रिक पॅकेटांच्या रस्त्यापुरता असतो आणि नेमसर्व्हर निवडताना रिझॉल्व्हड त्याच्याकडे पाहत नाही.

घरच्या त्रासाबद्दल माझा अंदाज आहे, पण तो खात्रीने सांगण्यापूर्वी दोन गोष्टी पाहायला हव्यात. व्हीपीएन जोडून ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ चालवा आणि टन० या (व्हीपीएनच्या) जोडणीखाली काय दिसते ते येथे द्या. त्यानंतर ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी गिट.कॉर्प.एक्झाम्पल’ चालवा, उत्तरातील पत्त्याच्या शेजारी ते कोणत्या लिंककडून आले हेही छापले जाते. या कामासाठी ‘डिग’ ही नावे शोधण्याची कमांड वापरू नका, कारण ते १२७.०.०.५३ ला विचारून पत्ता तेवढा सांगते, तो कोणत्या जोडणीकडून मिळाला हे सांगत नाही.

तिसरा_मजला

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. घरून, व्हीपीएन जोडलेले असताना, टन० खाली नेमसर्व्हर म्हणून १०.२०.०.५३ दिसतो, पण डीफॉल्टरूट या शब्दाआधी वजाचे चिन्ह आहे आणि कॉर्प.एक्झाम्पल हे डोमेन कुठेच नाही. वायफायच्या जोडणीखाली राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता, अधिकचे चिन्ह असलेला डीफॉल्टरूट आणि ‘~.’ अशी नोंद आहे. क्वेरीचे उत्तर सार्वजनिक पत्ता आहे आणि त्याच्या शेजारी वायफायच्या लिंकचे नाव आहे.

सह्यकडा

मग चित्र स्पष्ट आहे. तुम्ही निवडलेल्या त्या पर्यायामुळे व्हीपीएनला डीफॉल्ट रूट मिळत नाही, म्हणून ‘~.’ ही खूणही मिळत नाही, आणि ऑफिसचा व्हीपीएन सर्व्हर नेमसर्व्हर पाठवतो पण डोमेन पाठवत नाही. परिणामी १०.२०.०.५३ यादीत आहे, मात्र त्याला कोणत्या नावांसाठी विचारावे हे रिझॉल्व्हडला कोणीच सांगितलेले नाही. तो पर्याय चुकीचा नाही, तो तसाच ठेवा. फक्त डोमेन तुम्ही स्वतः नोंदवा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ऑफिस-व्हीपीएन आयपीव्ही४.डीएनएस-सर्च ‘~कॉर्प.एक्झाम्पल’

यानंतर ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ च्याच ‘डाउन’ आणि ‘अप’ या कमांडने ती जोडणी एकदा खाली-वर करा. डोमेनच्या आधीचे ‘~’ हे चिन्ह एकेरी अवतरणातच लिहा, म्हणजे शेल त्याचा वेगळा अर्थ लावणार नाही. ते चिन्ह असले की डोमेन फक्त वाट दाखवण्यासाठी वापरले जाते. ते काढले तर वाटही दिसते आणि शिवाय नुसते ‘गिट’ असे लिहिले तरी त्याला कॉर्प.एक्झाम्पल जोडून पाहिले जाते. ही दुसरी सोय दिवसभर लहान नावे टाइप करणाऱ्यांना आवडते. आतल्या पत्त्यांवरून उलट नावे शोधायची असतील आणि ती मिळत नसतील, तर स्वल्पविराम देऊन ‘~२०.१०.इन-अ‍ॅडर.अर्पा’ हेही त्याच ठिकाणी जोडता येते.

ऑफिसातील वायरच्या प्रोफाइललाही हेच डोमेन द्या. कॉर्प.एक्झाम्पल ही जुळणी ‘~.’ पेक्षा लांब असल्याने पाहुण्यांच्या वायफायला त्या नावांबद्दल यापुढे विचारलेच जाणार नाही. याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो: आतल्या यंत्रांची नावे परक्या नेमसर्व्हरच्या नोंदींमध्ये जाणे थांबते. बाकीची नावेही वायरच्याच नेमसर्व्हरला विचारली जावीत असे वाटत असेल, तर वायरच्या प्रोफाइलवर आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी १०० पेक्षा कमी, उदाहरणार्थ ९० ठेवा. एकच डोमेन दोन जोडण्यांवर असेल तेव्हा लहान आकडा जिंकतो आणि हा नियम ‘~.’ ला देखील लागू होतो. आयपीव्ही६ चालू असेल तर तोच आकडा आयपीव्ही६च्या त्याच नावाच्या गुणधर्मालाही द्यावा लागतो, कारण दोन्हींची नोंद वेगळी ठेवली जाते. ऋण आकड्यांपासून मात्र जपून राहा: ऋण प्राधान्य असलेली जोडणी तिच्यापेक्षा मोठा आकडा असलेल्या जोडण्यांचे नेमसर्व्हर पूर्णपणे बाद करते. सगळी वाहतूक व्हीपीएनमधूनच नेणाऱ्यांना ते हवे असते, तुम्हाला नको.

‘रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस’ आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल डोमेन’ या कमांडनेही हे बदल करता येतात, परंतु ते त्या जोडणीच्या चालू सत्रापुरतेच टिकतात. प्रयोग करून पाहण्यासाठी त्या उत्तम आहेत. कायमची नोंद नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्येच हवी.

खारा_वारा

वर सांगितलेले सगळे बरोबर आहे. त्यात दोन अनुभवाच्या गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट ज्यांच्या कंपनीचे आतले डोमेन ‘.लोकल’ ने संपते त्यांच्यासाठी. हा शेवट २०१३ च्या आरएफसी ६७६२ नुसार मल्टिकास्ट डीएनएससाठी (नेमसर्व्हरशिवाय जवळच्या जाळ्यातील यंत्रांनाच नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी) राखून ठेवलेला आहे, म्हणून रिझॉल्व्हड अशी नावे साध्या नेमसर्व्हरकडे आपणहून पाठवत नाही. त्या जोडणीवर ते डोमेन स्पष्टपणे नोंदवावे लागते. तेवढे करूनही काम झाले नाही तर /इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ मधील ‘होस्ट्स’ ची ओळ पाहावी. उबुंटूच्या डेस्कटॉपवर त्या ओळीत ‘डीएनएस’ या शब्दाच्या आधी ‘एमडीएनएस४_मिनिमल’ आणि त्याला लागून ‘नॉटफाउंड=रिटर्न’ असते, म्हणजे मल्टिकास्टने नकार दिला की शोध तिथेच थांबवला जातो. अशा वेळी डिगला पत्ता सापडतो आणि पिंगला सापडत नाही, आणि माणूस चक्रावून जातो. डिग ती फाइल वाचतच नाही. म्हणून सामान्य प्रोग्रामांना काय दिसते हे तपासायचे असेल तेव्हा ‘गेटएंट एहोस्ट्स’ वापरणे चांगले.

दुसरी गोष्ट डीएनएस-ओव्हर-टीएलएसची, म्हणजे नेमसर्व्हरला प्रश्न कूटबद्ध करून पाठवण्याची. अनेक जण /इटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ मध्ये डीएनएसओव्हरटीएलएस=येस लिहून मोकळे होतात. तो नियम सर्व जोडण्यांना लागतो, आणि ऑफिसचा आतला नेमसर्व्हर ८५३ या पोर्टवर सहसा काहीच बोलत नाही, त्यामुळे आतली सगळी नावे एका झटक्यात बंद पडतात. नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘कनेक्शन.डीएनएस-ओव्हर-टीएलएस’ हा गुणधर्म प्रत्येक प्रोफाइलला वेगळा देता येतो. घरच्या वायफायला तो द्यावा आणि व्हीपीएनला देऊ नये. त्याच रिझॉल्व्हड.कॉन्फ मध्ये ‘डीएनएस=’ लिहून काही फरक पडला नाही अशी तक्रारही वारंवार वाचायला मिळते. जोडणीवर ‘~.’ असेल आणि त्या फाइलमध्ये नसेल, तर जोडणीचेच चालते. घरच्या राउटरचा नेमसर्व्हर नको असेल तर घरच्या प्रोफाइलवर ‘आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस’ करून त्याच प्रोफाइलवर हवा तो पत्ता लिहावा, आणि आयपीव्ही६च्या बाजूलाही तेच करावे. राउटर आयपीव्ही६च्या घोषणांमधूनही नेमसर्व्हर कळवत असतो, हे लक्षात न आल्यामुळे अर्धवट बदल करून थांबणारे बरेच दिसतात.

आणि हो, फायरफॉक्सने डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (नावांचे प्रश्न कूटबद्ध वेब-जोडणीतून पाठवणे) चालू केलेले असेल तर तो रिझॉल्व्हडला वळसा घालून थेट आपल्या सर्व्हरला विचारू शकतो. टर्मिनलमध्ये आतला पत्ता आणि ब्राउझरमध्ये बाहेरचे पान असे दिसले तर आधी तिकडे पाहावे. त्याच्या सेटिंगमध्ये अपवादांची यादी असते, तिच्यात कॉर्प.एक्झाम्पल लिहिले की काम होते.

निळा_दिवा

सह्यकडा यांचा मुद्दा पटला. माझ्या यंत्राला एकच वायर आहे, म्हणून मला तिथे कधी अडचण आली नाही. पण माझ्या दुसऱ्या लॅपटॉपवर डेबियन १२ आहे आणि तिथे रिझॉल्व्हड आपोआप बसवलेलाच नाही, रिझॉल्व्ह.कॉन्फ नेटवर्कमॅनेजर स्वतः लिहितो. मग डोमेननुसार वाट वेगळी करायची असेल तर काय करावे?

सह्यकडा

दोन मार्ग आहेत. सिस्टमडी-रिझॉल्व्हड हे पॅकेज बसवले की वर सांगितलेले सगळे जसेच्या तसे लागू होते. तो नको असेल तर डीएनएसमास्क या छोट्या नेमसर्व्हरचे डीएनएसमास्क-बेस हे पॅकेज बसवा, /इटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल करून ‘मेन’ या विभागाखाली ‘डीएनएस=डीएनएसमास्क’ लिहा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. तो डीएनएसमास्कची स्वतःची प्रत चालवतो आणि तुमच्या प्रोफाइलवरील डोमेन व प्राधान्ये तिला पुरवतो. ‘बेस’ नसलेले पूर्ण पॅकेज बसवू नका, कारण ते स्वतःची वेगळी सेवा सुरू करते आणि दोघांचे ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून भांडण होते. दोन्ही मार्गांत आधी गोठवलेली फाइल ‘सीएचअ‍ॅटर -आय’ देऊन मोकळी करावी लागेल. उबुंटूवर कोणी ती गोठवली असेल तर मोकळी केल्यानंतर मूळचा दुवाही पुन्हा तयार करावा, तो /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ कडे जातो.

तिसरा_मजला

व्हीपीएन आणि वायर या दोन्ही प्रोफाइलना डोमेन दिले. आता क्वेरीच्या उत्तरात घरी टन० आणि ऑफिसात वायरच्या लिंकचे नाव दिसते, पत्ताही दोन्हीकडे आतलाच मिळतो, आणि व्हिडिओ पूर्वीप्रमाणे घरच्या ब्रॉडबँडनेच येतात. ब्राउझरमध्ये मात्र बाहेरचेच पान राहिले होते. खारा_वारा यांनी सांगितल्याप्रमाणे अपवादांच्या यादीत नाव घातल्यावर तेही सुटले.

एक शंका उरते. वीज आल्यावर वायफाय परत जोडले जाते, पण टेदरिंगची केबल लावलेली राहिली तर फोनचाच डेटा खर्च होत राहतो. याचा डीएनएसशी संबंध आहे का?

खारा_वारा

नाही, येथे रूटचा मेट्रिक काम करतो. यूएसबी टेदरिंग नेटवर्कमॅनेजरला वायरची जोडणी म्हणूनच दिसते, त्यामुळे तिला १०० मिळतो आणि ६०० असलेले वायफाय मागे राहते. टेदरिंगच्या प्रोफाइलवर ‘आयपीव्ही४.रूट-मेट्रिक’ आणि ‘आयपीव्ही६.रूट-मेट्रिक’ हे दोन्ही ७०० करा, म्हणजे वायफाय असेपर्यंत फोनकडे वाहतूक जाणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे पण ब्रॉडबँडची लाइनच बंद आहे, अशा वेळीही हे चालते: नेटवर्कमॅनेजरची इंटरनेट-तपासणी अपयशी ठरली की तो त्या जोडणीच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवतो आणि वाहतूक आपोआप फोनकडे वळते. फक्त ही तपासणी ठरावीक अंतराने होते, त्यामुळे लाइन गेल्यावर थोडा वेळ पाने अडकलेली दिसतील. बदल करण्यापूर्वी टेदरिंगच्या प्रोफाइलचे नाव ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो --अ‍ॅक्टिव्ह’ मधून पाहून घ्या. ते बहुधा ‘वायर्ड कनेक्शन २’ असे काहीतरी असेल, आणि डॉकच्या वायरचे नावही त्याच धर्तीचे असल्याने भलत्याच प्रोफाइलला मेट्रिक लागण्याची शक्यता असते.